चाकांवरच्या घराचे पहारेकरी

कॅम्पर, मोटरहोम किंवा आपल्याकडे अलीकडे रूढ होऊ लागलेली कॅरॅव्हॅन ही बाहेरून गाडी दिसली, तरी आतून ते घरच असते. एका बाजूस गॅसची शेगडी, तिच्या शेजारी शीतकपाट, समोर बसण्याचे बाक, मागे पलंग आणि चालकाच्या डोक्यावरच्या पोटमाळ्यासारख्या जागेत मुलांचे अंथरूण, अशी सारी मांडणी दोन-अडीचशे चौरस फुटांत बसवलेली असते. अमेरिका आणि कॅनडात स्थायिक झालेली अनेक मराठी कुटुंबे उन्हाळी सुट्टीत असे वाहन भाड्याने घेतात. भारतातून आलेल्या आजी-आजोबांना यलोस्टोन किंवा ग्रँड कॅन्यन दाखवायचे असते, आणि वाटेतल्या उपाहारगृहांवर विसंबून न राहता घरचे शुद्ध शाकाहारी अन्न वेळेवर मिळावे, हीही इच्छा असते. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याचा नियम पाळणाऱ्या कुटुंबाला तर चालते स्वयंपाकघर हे मोठेच साहाय्य वाटते. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले. त्यामुळे या वाहनांचा विषय आता केवळ परदेशापुरता उरलेला नाही.

मात्र या छोट्या घराचा एक गुणधर्म त्याच्या सोयींइतकाच ध्यानात ठेवण्याजोगा आहे. २५ फूट लांब, ८ फूट रुंद आणि साडेसहा फूट उंच अशा वाहनात सुमारे १,३०० घनफूट हवा मावते. ६०० चौरस फुटांच्या आणि १० फूट उंचीच्या सदनिकेत ६,००० घनफूट. म्हणजे सदनिकेच्या मोठ्या हवेत जो धूर किंवा जो विषारी वायू विरून गेला असता, तोच वाहनात साडेचार पटींहून अधिक दाट होतो. सामान व भिंतीतील कपाटे यांनी व्यापलेली जागा वजा केली, तर प्रत्यक्ष फरक याहूनही मोठा. घरातील चूक जेथे ठसका लागून संपते, तेथे वाहनातील तीच चूक जिवावर बेतू शकते.

डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधील कोळिकोड जिल्ह्यात वडकरा येथे राष्ट्रीय महामार्गाच्या कडेला उभ्या असलेल्या एका कॅरॅव्हॅनमध्ये दोन पुरुष मृतावस्थेत आढळले. मारहाणीची किंवा झटापटीची चिन्हे नव्हती. वाहनातील जनरेटरच्या धुरातून निर्माण झालेला कार्बन मोनॉक्साइड वायू आतल्या भागात शिरला आणि विश्रांती घेत असलेल्या दोघांचा त्याने बळी घेतला, असे पुढील तपासात निष्पन्न झाले. ना आग लागली, ना स्फोट झाला. वायूची चाहूल देणारे एखादे चालू उपकरण त्या वाहनात वेळेवर वाजले असते, तर कदाचित दोन घरांवरचा आघात टळला असता.

न दिसणारा, न कळणारा

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. इंधन पुरेशा प्राणवायूअभावी अर्धवट जळाले की तो निर्माण होतो. लाकूड, कोळसा, पेट्रोल, डिझेल, गॅस यांपैकी कोणतेही इंधन त्याला अपवाद नाही. श्वासावाटे आत गेल्यावर तो रक्तातील हिमोग्लोबिनला बिलगतो, आणि हे बिलगणे प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक बळकट असते. परिणामी फुप्फुसे नेहमीप्रमाणे चालतात, हृदय धडधडते, पण रक्तातून अवयवांपर्यंत प्राणवायू पोहोचत नाही. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हा प्रकार प्रथम उलगडून दाखविला. पुढे १८९६ मध्ये जॉन स्कॉट हाल्डेन यांनी ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींतील स्फोटांचा अभ्यास करून दाखवून दिले, की मृत्युमुखी पडलेल्या कामगारांपैकी बहुसंख्य भाजून किंवा आघाताने नव्हे, तर या वायूने गेले होते. खाणीत पिंजऱ्यातील लहानसा पक्षी नेण्याची प्रथा त्यांच्याच सूचनेतून रुजली. लहान जीवाचा श्वास जलद असल्याने विषबाधा त्याला माणसाआधी होई. एका मुक्या जीवाला पुढे करून माणसाने आपला बचाव करण्याची ही रीत ब्रिटिश खाणींत १९८६ पर्यंत चालली. नंतर तिची जागा विद्युत उपकरणांनी घेतली. आज छताला किंवा भिंतीला लावलेली ती पांढरी चकती याच कामाची वारस आहे. तिच्या देखभालीत हयगय करणे म्हणजे शतकभराच्या प्रयत्नांनी हाती आलेले निरुपद्रवी साधन वाया घालविणे होय.

या विषबाधेची प्रारंभीची लक्षणे अतिशय साधी असतात. डोके जड होते, मळमळते, चक्कर येते, थकवा वाटतो, विचार गोंधळतात. प्रवासात या प्रत्येक लक्षणाला दुसरे कारण हाताशी असते. वळणावळणाचा रस्ता झाला, म्हणून मळमळले. दिवसभर ऊन लागले, म्हणून डोके दुखले. यलोस्टोनचा बराचसा प्रदेश समुद्रसपाटीपासून ७,००० फुटांहून उंच आहे. तेव्हा विरळ हवेमुळे चक्कर आली, असे सहजच म्हटले जाते. हे सारे खरेही असू शकते. परंतु एकाच वेळी घरातील अनेकांना त्रास होणे, ताप नसणे आणि वाहनाबाहेर मोकळ्या हवेत थोडा वेळ थांबताच बरे वाटणे, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर वाहनातील हवेवर संशय घ्यावा. उंचीचा आणखी एक परिणाम असा, की विरळ हवेत गॅसची उपकरणे नीट जळत नाहीत आणि त्यांतून हा वायू अधिक निर्माण होऊ शकतो. म्हणजे जेथे लक्षणांचा उलगडा चुकण्याची शक्यता जास्त, तेथेच धोकाही जास्त.

येथे एका गैरसमजाचे निराकरण आवश्यक आहे. करोनाच्या काळात घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला आणि आजी-आजोबांच्या औषधांच्या पिशवीत तो आजही असतो. कोणाला गरगरू लागले की तो बोटाला लावून ९८ किंवा ९९ आकडा पाहून सारे निश्चिंत होतात. पण नेहमीच्या ऑक्सिमीटरला प्राणवायू वाहणारे हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइडने अडकवलेले हिमोग्लोबिन यांतील भेद कळत नाही. विषबाधा झालेल्या माणसाचाही आकडा तो उत्तम दाखवू शकतो. या प्रसंगी त्याच्या आकड्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

तीन उपकरणे, तीन जागा

गॅस वापरणाऱ्या वाहनात तीन निरनिराळे धोके असतात आणि प्रत्येकासाठी पहारेकरी वेगळा असतो. अमेरिकेत अशा वाहनांच्या निर्मितीसाठी असलेल्या एनएफपीए ११९२ या मानकात तिन्हींचा विचार केलेला आहे.

पहिला धुराचा सूचक. धूर तापलेल्या हवेबरोबर वर चढतो, म्हणून याची जागा छतावर किंवा भिंतीच्या अगदी वरच्या भागात. याचे दोन मुख्य प्रकार आहेत. आयनीकरण पद्धतीचा सूचक भडकलेल्या ज्वाळांची चाहूल लवकर घेतो. प्रकाशविद्युत पद्धतीचा सूचक गादी किंवा वायर धुमसत असताना आधी जागा होतो आणि स्वयंपाकाच्या वाफेने तुलनेने कमी दचकतो.

दुसरा कार्बन मोनॉक्साइडचा सूचक. हा वायू हवेपेक्षा किंचितच हलका असल्याने तो छताला जाऊन बसत नाही, सगळीकडे मिसळतो. त्यामुळे हा सूचक झोपण्याच्या जागेजवळ, उपकरणासोबतच्या पुस्तिकेत सांगितलेल्या उंचीवर असावा.

तिसरा इंधनगॅसच्या गळतीचा सूचक. प्रोपेन हा हवेच्या सुमारे दीडपट जड असल्याने तो जमिनीलगत साचतो. म्हणून हा सूचक तळाशी, बहुधा ओट्याच्या खालच्या फळीवर असतो. अनेक वाहनांत दुसरा व तिसरा सूचक एकाच डबीत असून ती वाहनाच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. तिच्यासमोर चपला, पाण्याच्या बाटल्या किंवा किराण्याच्या पिशव्या रचून ठेवल्या, तर तिला हवाच मिळत नाही.

या उपकरणांचे आवाजही कुटुंबातील सर्वांना, मुलांनाही, ओळखता आले पाहिजेत. अमेरिकी मानकानुसार धुराचा इशारा तीन-तीन आवाजांच्या गटांत येतो आणि कार्बन मोनॉक्साइडचा चार-चार आवाजांच्या गटांत. अर्ध्या-एका मिनिटाने येणारी एकच बारीक ‘टिक’ हा बॅटरी संपत आल्याचा किंवा उपकरणाचे आयुष्य सरल्याचा निरोप असतो. मध्यरात्री तो निरोप कंटाळवाणा वाटतो, आणि नेमक्या त्याच वेळी बॅटरी काढून उशाखाली ठेवण्याचा मोह होतो. सकाळी नवी बॅटरी बसवली जाते तेव्हा ठीक. पण प्रवासाच्या गडबडीत ती पुष्कळदा बसवली जात नाही.

घरचा नियम वाहनाला अपुरा

घरातील सूचकाची चाचणी महिन्यातून एकदा घ्यावी, असा सर्वसाधारण नियम आहे. वाहनासाठी बनविलेल्या सूचकांवर मात्र वेगळी सूचना असते: वाहन बरेच दिवस उभे राहिल्यानंतर, प्रत्येक प्रवासापूर्वी, आणि वापरात असताना आठवड्यातून किमान एकदा चाचणी घ्यावी. या कडकपणाचे कारण उघड आहे. घर एका जागी स्थिर असते. वाहन खड्ड्यांतून आदळत जाते, हिवाळ्यात गोठते, उन्हाळ्यात बंद अवस्थेत भट्टीसारखे तापते आणि वर्षातील कित्येक महिने कोणाच्याही नजरेआड उभे असते. याच कारणासाठी वाहनात बसवायचा सूचक हा मोटरहोमसाठी योग्य असल्याचे त्यावर नमूद केलेले असावे. घरगुती उपयोगाचा स्वस्त सूचक येथे पुरेसा ठरेलच असे नाही.

चाचणीचे बटण दाबल्यावर मोठा आवाज आला, की काम झाले असे अनेकांना वाटते. त्या आवाजावरून बॅटरी, विद्युतमंडल आणि भोंगा चालू असल्याचे कळते. वायू ओळखणारा आतील संवेदक अजून तरतरीत आहे की नाही, हे बहुतेक कार्बन मोनॉक्साइड सूचकांच्या बटणावरून कळत नाही. तो संवेदक रासायनिक असतो आणि काळानुसार क्षीण होतो. म्हणून उपकरणाच्या पाठीवर छापलेली तारीख बटणाइतकीच महत्त्वाची आहे. धुराच्या सूचकाचे आयुष्य साधारण १० वर्षे धरतात. कार्बन मोनॉक्साइडचे आणि गॅसचे संयुक्त सूचक बनावटीनुसार ५ ते १० वर्षांत बदलावे लागतात. जुने वाहन विकत घेणाऱ्यांनी तर ही तारीख गादी-पडद्यांच्या आधी पाहावी. १२ वर्षांपूर्वीचे वाहन आतून कितीही लखलखीत असले, तरी त्यातील मूळचा सूचक कधीच निवृत्त झालेला असतो. भिंतीवर तो दिसतो, त्याचा हिरवा दिवाही कदाचित लागतो. पण त्याच्या भरवशावर झोपणे योग्य नव्हे.

बॅटरीविषयी दोन गोष्टी. वाहन हंगामाअखेर उभे करताना सूचकातील बॅटरी काढून ठेवणे चांगले, कारण जुनी बॅटरी पाझरली तर आतील पट्ट्या गंजतात. मात्र काढल्याची आठवण देणारी चिठ्ठी गाडीच्या किल्लीलाच बांधावी, म्हणजे पुढच्या हंगामात किल्ली हाती घेताच ती आठवण होईल. दुसरे असे, की वाहनाच्या मुख्य बॅटरीवर चालणारा सूचक ती बॅटरी बंद करणाऱ्या खटक्याबरोबर निःशब्द होऊ शकतो. खटका पुन्हा चालू केल्यावर सूचकाचा दिवा लागला की नाही, हे पाहावे आणि त्याला तयार व्हायला लागणारी काही मिनिटे द्यावीत. रात्रभर दिवे व पंखे चालवून मुख्य बॅटरी उतरली, तर पहाटे, म्हणजे थंडीमुळे हीटर सर्वाधिक चालतो त्याच वेळी, सूचक दुबळा पडतो. यासाठी स्वतःच्या बॅटरीवर चालणारा एक वेगळा कार्बन मोनॉक्साइड सूचक सोबत असणे शहाणपणाचे.

स्वच्छतेसाठी मऊ कुंचला किंवा निर्वात झाडूची मऊ नळी पुरे. साबण, ओले फडके, सुगंधी फवारा, केसांचा स्प्रे, रंगाचा वास यांपासून सूचकाला दूर ठेवावे. यांतील रसायने संवेदकाला फसवतात किंवा निकामी करतात. काही वेळा कार्बन मोनॉक्साइड नसतानाही सूचक वाजतो, आणि मागाहून कळते की जुनी शिसे-आम्ल बॅटरी अतिभारित होऊन तिच्यातून हायड्रोजन बाहेर पडत होता. पण हा निष्कर्ष सर्वांना बाहेर काढल्यानंतर आणि जाणकाराने तपासल्यानंतर काढायचा असतो. आत बसून काढायचा नसतो.

फोडणी आणि खोटा इशारा

आपल्या स्वयंपाकाची आणि धुराच्या सूचकाची जुनी अडचण आहे. मोहरी तडतडली, मिरची परतली, पापड भाजला किंवा तव्यावर पोळीचा कोपरा करपला, की छतावरचा पहारेकरी ओरडू लागतो. वाहनात तो ओट्यापासून चार-पाच हातांवर असल्याने हे हमखास घडते. मग कोणीतरी त्याच्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधते, कोणी त्याला काढून खणात टाकते. स्वयंपाक तासाभरात संपतो; पिशवी मात्र सहल संपेपर्यंत तशीच राहते.

यावर उपाय कठीण नाहीत. फोडणी देण्यापूर्वी छतावरील झरोका उघडून पंखा चालू करावा आणि समोरची एखादी खिडकी चार बोटे उघडी ठेवावी. हवा एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर गेली पाहिजे. बहुतेक सूचकांवर थोड्या वेळासाठी शांत करण्याचे बटण असते. ते काही मिनिटांनी आपोआप पूर्ववत होते, आणि हाच त्या बटणाचा व पिशवीचा फरक. वारंवार त्रास होत असेल, तर प्रकाशविद्युत पद्धतीचा सूचक बसवावा. पापड भाजणे, मिरच्या तळणे ही कामे घरीच उरकून डबे भरून न्यावेत किंवा वाहनाबाहेर मोकळ्यावर करावीत. उघडा झरोका केवळ फोडणीच्या धुरासाठी नाही. शेगडी जळत असताना खोलीतील प्राणवायू खर्च होत असतो आणि त्याची भरपाई बाहेरून व्हावी लागते. झरोका आणि खिडकी या सूचकाइतक्याच आवश्यक आहेत.

मुळाशी असलेली कारणे

सूचक हा शेवटचा बचाव आहे. त्याच्या आधी पुष्कळ काही करता येते. शेगडीची ज्योत निळी आणि स्थिर असावी; पिवळी, लवलवणारी, भांड्याला काजळी धरणारी ज्योत इंधन अर्धवट जळत असल्याचे सांगते. थंडी वाजते म्हणून शेगडी किंवा ओव्हन पेटवून वाहन तापविणे कटाक्षाने टाळावे. बाहेर जेवणानंतर उरलेले निखारे आत आणणे त्याहून वाईट. धूर दिसत नाही म्हणून ते निरुपद्रवी वाटतात, परंतु कार्बन मोनॉक्साइड निखाऱ्यांतूनच भरपूर निघतो. थंड हवेच्या ठिकाणी तंबूत किंवा गाडीत कोळशाची शेगडी घेऊन झोपण्याची सवय भारतातही जीवघेणी ठरत आली आहे.

जनरेटर चालू ठेवून झोपू नये. त्याच्या धुराची नळी सैल, गंजलेली किंवा वाकलेली नाही ना, हे प्रवासापूर्वी पाहावे. वाहन उंच गवतात, भिंतीला लागून किंवा बर्फाच्या ढिगाऱ्याला खेटून उभे असेल, तर नळीतील धूर वाहनाखालीच कोंडतो आणि जमिनीतील फटींतून वर येतो. हाताने उचलून ठेवायचा जनरेटर असेल, तर तो वाहनापासून किमान २० फूट दूर आणि धुराचे तोंड विरुद्ध दिशेला करून ठेवावा. शेजारच्या वाहनाचा जनरेटर आपल्या उघड्या खिडकीसमोर धूर सोडत असेल, तर सौजन्याने त्यांना सांगावे किंवा आपली जागा बदलावी. संकोचाने गप्प राहण्याचा हा विषय नाही.

हीटर व पाणी तापविण्याच्या यंत्राची बाहेरची धुराडी उभ्या वाहनात कोळी आणि कुंभारमाशी यांना घरट्यासाठी फार सोयीची वाटतात. घरट्याने धुराडे बुजले, की ज्वलन बिघडते. ऐन हंगामात घरटे खरवडून काढण्याची वेळ येऊ देण्यापेक्षा, वाहन उभे करतानाच त्या यंत्राच्या निर्मात्याने मान्य केलेली बारीक जाळी तेथे बसवून घ्यावी. त्यामुळे माणसाचे रक्षण होते आणि त्या जीवांचा संसारही मोडावा लागत नाही. वर्षातून एकदा जाणकाराकडून गॅसची जोडणी व धुराडी तपासून घेणे हे टायर बदलण्याइतकेच आवश्यक खर्चाचे कलम मानावे.

इशारा झाला, तर

सूचकाविषयी आणखी एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. कार्बन मोनॉक्साइडचा सूचक वायूचा कण दिसताच वाजत नाही. यूएल २०३४ या मानकानुसार हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग वायू असेल, तर तो १ ते ४ तासांत वाजतो. १५० भाग असतील, तर १० ते ५० मिनिटांत. ४०० भाग असतील, तर ४ ते १५ मिनिटांत. धडधाकट प्रौढ माणूस संकटात सापडण्यापूर्वी त्याला जागे करणे, असा या वेळापत्रकाचा हेतू आहे. गर्भवती, तान्ही मुले, वृद्ध आणि हृदयविकार असलेली माणसे यांना कमी प्रमाणातही, सूचक वाजण्यापूर्वीही, अपाय होऊ शकतो. यावरून दोन निष्कर्ष निघतात. सूचक गप्प असला तरी लक्षणे दिसल्यास बाहेर पडावे. आणि सूचक वाजला, तर वायू काही काळ आधीपासून आत आहे असे समजावे.

इशारा होताच सर्वांना, झोपलेल्या मुलांना आणि वृद्धांना आधी, वाहनाबाहेर मोकळ्या हवेत न्यावे आणि माणसे मोजावीत. सामान, पासपोर्ट किंवा दूरध्वनी यांसाठी पुन्हा आत जाऊ नये. दोन मिनिटे म्हणून आत गेलेला माणूस तेथेच कोसळू शकतो. अमेरिका व कॅनडात ९११, भारतात आणि युरोपात ११२ या क्रमांकावर साहाय्य मागावे. खिडक्या उघडून थोड्या वेळाने परत झोपणे हा उपाय नव्हे, कारण वायूचे मूळ तसेच असते. ज्याला त्रास झाला आहे त्याने वैद्यकीय तपासणी करून घ्यावी आणि डॉक्टरांना कार्बन मोनॉक्साइडची शंका स्पष्ट शब्दांत सांगावी. रक्ताची विशिष्ट तपासणी त्याखेरीज होत नाही. साध्या हवेत रक्तातील या वायूचे प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिल्यास हे काम साधारण तास-दीड तासात होते. बाहेर येऊन बरे वाटले म्हणून रुग्णालय टाळणे यासाठीच चुकीचे आहे.

गॅस गळतीचा सूचक वाजला, तर रीत थोडी वेगळी. दिव्याचे किंवा पंख्याचे बटण चालू-बंद करू नये, काडी ओढू नये. सर्वांनी बाहेर पडावे आणि सुरक्षितपणे शक्य असल्यास बाहेरील सिलिंडरची चावी बंद करावी. आगीच्या प्रसंगी दार अडले, तर बाहेर पडण्यासाठी अशा वाहनात एक विशिष्ट खिडकी ठेवलेली असते. तिची खिटी कशी उघडते, हे पहिल्याच संध्याकाळी उजेडात प्रत्येकाने हाताने उघडून पाहावे. वर्षानुवर्षे न उघडलेली खिटी अंधारात, घाबरलेल्या हातांनी उघडत नाही.

किल्ली हाती घेताना

भाड्याने वाहन घेताना मालक किंवा त्याचा सेवक पाण्याची टाकी, वीजजोडणी, सांडपाणी यांची माहिती भरभर सांगतो. त्या वेळी कुटुंबातील एकाने चार प्रश्न विचारावेत. धुराचा, कार्बन मोनॉक्साइडचा आणि गॅसचा सूचक कोठे आहे? प्रत्येकाच्या पाठीवर कोणती तारीख आहे? तिन्हींची बटणे आपल्यासमोर दाबून दाखवाल का? अग्निशामक नळकांडे आणि सुटकेची खिडकी कोठे आहे? यांतील एकाचे उत्तर जरी टाळाटाळीचे आले, तरी वाहन बदलून मागण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. भारतात कॅरॅव्हॅन घेताना हे प्रश्न अधिकच आग्रहाने विचारावेत आणि जनरेटर कोठे बसवला आहे, त्याच्या व झोपण्याच्या जागेच्या मधला तळ अखंड आहे का, हेही पाहावे. सूचक नसेल, तर आपला छोटा सूचक सोबत न्यावा. तो तळहाताएवढा असतो.

स्वतःचे वाहन असणाऱ्यांनी हे काम कोणा एकाच्या नावावर टाकावे. ‘सर्वांनी लक्ष ठेवायचे’ असे ठरले, की कोणीच ठेवत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलावर किंवा मुलीवर ही जबाबदारी आनंदाने सोपविता येते. दर रविवारी तिन्ही बटणे दाबायची, तारीख वहीत लिहायची, बॅटरी बदलली तर तिच्यावर शाईने दिनांक घालायचा आणि वडिलांना तसे सांगायचे. या कामाला पाच मिनिटेही लागत नाहीत. सूचकाची सारी किंमतही एका दिवसाच्या इंधनापेक्षा फार अधिक नसते. रात्री साऱ्यांनी अंथरुणे घातली, दिवे मालवले, की त्या वाहनात जागे राहणारे तेवढेच असतात. ते खरोखर जागे आहेत ना, हे झोपण्यापूर्वी पाहिलेले असावे.